वाडीच्या कोब्याने शिकवलेलं

माझं माहेर परळचं, सासर गिरगावचं. दोन्हीकडे तळमजला, दारासमोर ओटा, ओट्यापुढे सगळ्यांचा मिळून एक चौक आणि चौकात सिमेंटचा कोबा. आमच्या भागात स्वतःचं अंगण क्वचितच कुणाकडे असतं. फणसवाडी, मुगभाट, झावबाची वाडी, लालबाग-परळच्या चाळी, कुठेही जा, अंगण म्हणजे हा सामाईक कोबाच. त्यावर लग्नाचे मांडव पडतात, कुरडया वाळतात, मुलं पहिलं पाऊल टाकतात आणि म्हातारी माणसं पावसाळ्यात घसरून पडतात. या शेवटच्या कारणापायी मी कोब्याच्या दुरुस्तीत शिरले. आधी आमचा ओटा, मग चौकाचा मोठा भाग, मग माहेरच्या चाळीतलं काम, आणि पुढे ओळखीच्या वाड्यांमधून लोक विचारायला येऊ लागले. त्या कामांतून जे हाताशी आलं ते इथे मांडते. पहिल्या चार मुद्द्यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि नेमके तेच लोक गाळतात.

१. झिजलेला कोबा आधी वाजवून पाहा.

वरचा थर उडाला, खडी दिसायला लागली, झाडू मारला की राखाडी धूळ निघते, एवढं दिसलं की घरात एकच वाक्य निघतं, "सगळं उखडून टाइल्स बसवू या." तसं करण्याआधी हातोडीचा दांडा किंवा जाड नाणं घ्या आणि वीतभर अंतरावर ठोकत सगळा कोबा फिरा. घट्ट बसलेल्या जागी टणक, बंद आवाज येतो. खालचा थर सुटलेला असेल तिथे पोकळ वाजतं. पोकळ जागेभोवती कोळशाने किंवा खडूने रेघ मारत जा. फिरून झालं की उभं राहून पाहा. बहुतेक वेळा सगळा चौक वाईट दिसत असला तरी पोकळ भाग थोडाच असतो, आणि तो नळाजवळ, मोरीच्या तोंडाशी, जिन्याच्या पायथ्याला नाहीतर भिंतीच्या कडेने असतो.

जुने कोबे घट्ट का टिकले, यालाही कारण आहे. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला मिळून २०७ चाळी काँक्रीटमध्ये उभ्या केल्या. त्या काळाच्या आगेमागे मुंबईच्या घरांत सिमेंट रुळलं. तेव्हाचा कोबा जाड असायचा, हाताने कुटून बसवलेला असायचा. त्याची वरची कातडी झिजली तरी खालचा गाभा शाबूत असतो. तो फोडून त्याच्या जागी पातळ टाइल्स बसवणं म्हणजे चांगली वस्तू देऊन कमअस्सल घेणं, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र तपासा. त्याहून जुन्या इमारतींत कोबा सिमेंटचा नसून चुन्याचा, विटांच्या तुकड्यांचा असू शकतो. खिळ्याने ओरखडलं की पांढरट भुकटी आणि विटेचा लाल कण दिसतो. चुन्याचा कोबा मऊ असतो आणि श्वास घेतो. त्याच्यावर कडक सिमेंटचा थर टाकला की दोघांचं जमत नाही. काही पावसाळ्यांत वरचा थर तुकड्या-तुकड्यांनी सुटून येतो. तिथे चुन्याचं काम जाणणारा माणूस शोधावा.

२. पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघत बसा.

आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वहिनी, रंग कुठला करायचा ते नंतर सांगा. आधी पाणी कुठं जातं ते मला दाखवा." ते ऐकलं म्हणून पुढचं सगळं काम सरळ झालं.

कोरड्या दिवशी चार-पाच बादल्या पाणी चौकाच्या उंच कडेला सोडा. अर्ध्या तासाने जिथे तळं साचलेलं असेल त्याभोवती खडूने रेघ मारा. शेवाळ तिथेच धरतं, वरचा थर तिथेच आधी सुटतो आणि माणसंही तिथेच घसरतात. उघड्या कोब्याला शंभरास एक तरी उतार हवा, ऐंशीस एक असला तर उत्तम. म्हणजे दहा फुटांच्या अंतराला सव्वा ते दीड इंच. डोळ्यांना तो जेमतेम कळतो, पाण्याला बरोबर कळतो. डोळ्यांवर विसंबू नये. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोघांनी दोन टोकांना धरली की पातळी कळते. तिला फारसा खर्च नाही आणि ती खोटं बोलत नाही.

याच्याहून मोठा प्रश्न आहे उंबऱ्याचा. आमच्या भागात रस्ता दर डांबरीकरणाला, आता काँक्रीटीकरणाला, वर चढत आला. रस्ता चढला म्हणून वाडीचं तोंड चढवलं, तोंड चढलं म्हणून चौकात भर टाकली, त्यावर कोणी फरशी, कोणी टाइल. पूर्वी दोन पायऱ्या चढून ओट्यावर जायचो, आता काही वाड्यांत चौकातून घरात उतरावं लागतं. हिंदमातासारख्या मुळातच सखल भागात तर प्रत्येक इंच मोजूनच वापरायला हवा. चौक दोन इंच वर आला की ते दोन इंच पाणी तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जातं. म्हणून माझा नियम असा आहे: नवा थर टाकल्यावरही कोबा सर्वांत खालच्या उंबऱ्यापेक्षा निदान चार बोटं खाली राहिला पाहिजे. राहणार नसेल तर वर काही टाकायचं नाही. जुना थर काढूनच नवा टाकायचा, नाहीतर आहे तोच घासून-भरून घ्यायचा. "वरच्यावर उरकून टाकू" म्हणणाऱ्या कंत्राटदाराला सर्वांत खालच्या खोलीत नेऊन उभा करा आणि हा हिशेब तिथे समजावून सांगायला लावा.

३. ओल वरून येते तशी खालूनही येते.

समुद्र जवळ, जमिनीत पाणी उथळ, कित्येक वाड्यांत बुजवलेल्या किंवा झाकलेल्या विहिरी. त्यामुळे तळमजल्याच्या कोब्याला खालून ओल असतेच असं धरून चालावं. ती तपासायला हात-दीड हात चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, कोब्यावर पसरून चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि रात्रभर, निदान सोळा तास, तसाच ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव साचलं असेल किंवा कोबा काळपट झाला असेल तर खालून वाफ येते आहे.

अशा जागी इपॉक्सी, चकचकीत फ्लोअर पेंट किंवा ओल कोंडणारं कुठलंही आवरण लावू नका. खालची ओल वर यायला बघते, वाट मिळाली नाही की आवरणाला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. भिंतीच्या कडेने पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसते, ती बुरशी नसते, खार असतो. पाण्यात विरघळलेले क्षार वर येतात आणि पाणी उडून गेलं की मागे राहतात. तो धुऊन जाणार नाही, उलट धुतलं की पुन्हा आत मुरतो. कोरड्या ब्रशने खरवडून गोळा करा आणि बाहेर टाका.

४. वरच्या मजल्यावर वजनाचा विचार आधी.

माहेरच्या चाळीत सज्जाचा, म्हणजे सामाईक गॅलरीचा, कोबा उखडला होता. शेजारच्या काकांनी मायेनेच सुचवलं, "दीड-दोन इंचांचा नवा थर ओतून घेऊ, कायमचं काम होईल." तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन सर्वांना हिशेब दाखवला. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २,४०० किलो. शंभर चौरस फुटांवर ४० मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाच्या आसपास, थर ओतला की सुमारे ९०० किलो वजन वाढतं. गॅलरी लाकडी बडोद्यांवर, म्हणजे आडव्या वाशांवर, उभी असेल, बडोद्यांची टोकं भिंतीत ओलीने कुजलेली असतील, आणि त्यावर आधीच दोन पिढ्यांनी एकावर एक थर टाकलेले असतील, तर हे ९०० किलो कोणी पेलायचे?

जुन्या मुंबईत दर पावसाळ्यापूर्वी म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. आपली इमारत यादीत नाही म्हणजे गॅलरी वाटेल तेवढं वजन पेलेल असा अर्थ होत नाही. वरच्या मजल्यावर, गच्चीवर, सज्जात, जिन्याच्या मधल्या टप्प्यावर काहीही नवं टाकायचं असेल तर आधी संरचना अभियंत्याला दाखवा. उपकरप्राप्त इमारत असेल तर मंडळाच्या कार्यालयात लेखी कळवा आणि पोचपावती ठेवा. तोवर वरच्या मजल्यावर फक्त घासणं, भेगा भरणं आणि खड्डा तेवढाच बुजवणं. माहेरी आम्ही शेवटी तेच केलं. सुटलेले जुने थर काढून घेतले तेव्हा गॅलरीवरचं वजन उलट कमी झालं. या एका मुद्द्यावर शेजाऱ्यांशी वाईटपणा आला तरी चालेल, मागे हटू नये.

५. घासल्याने कोबा जितका सुधारतो तितका दुसऱ्या कशानेही नाही.

लादी पॉलिश करणारे लोक आपल्याकडे घरोघरी येतात, पण त्यांना कोबा घासायला बोलवावं हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. तेच यंत्र, तेच दगड. आधी जाड दगड, मग बारीक. वरची भुसभुशीत, मेलेली साय निघून जाते आणि खालची खडी-वाळूची घट्ट वीण दिसायला लागते. करडा, पांढरा, काळा, मधूनच तपकिरी दाणा. आमचा ओटा घासून झाला तेव्हा सासूबाई हात फिरवत म्हणाल्या, "अगं, हा तर माझ्या लग्नातल्यासारखा दिसतोय." नवीन थर न टाकता, पातळी न वाढवता, वजन न वाढवता हे होतं, म्हणून मी याला पहिली पसंती देते.

घासण्याआधी धुणं. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून पाऊण तास ठेवा, मग ताठ खराट्याने घासा. दिव्यांच्या तेलाचे, दुचाकीच्या ऑइलचे डाग धुण्याच्या सोड्याने निघतात. बाजारात मिळणारं संडास धुण्याचं अॅसिड बरेच जण कोब्यावर ओततात. मी ते टाळते. ते सिमेंट खातं आणि नीट धुऊन निघालं नाही तर पुढच्या थराला धरू देत नाही. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र तर कधीच, चुकूनही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि चाळीच्या बंद चौकात तो माणसाला गुदमरवू शकतो.

घासताना पाणी चालू ठेवायला लावा. कोरडं घासलं की उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात कायमची बसते आणि सिलिकोसिस नावाचा बरा न होणारा आजार होतो. यंत्र धरणारा माणूस हे काम रोज करतो. त्याला चांगला मास्क आपण आणून द्यावा, तो मागणार नाही. आणि घासून निघालेला चिखल मोरीत सोडू नये. तो आत जाऊन दगड होतो. गोणीत भरून बाहेर काढावा.

घासूनही धूळ सुटत राहिली तर कोबा पूर्ण सुकल्यावर सिलिकेटचं द्रावण लावता येतं. ते आत मुरतं, सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी त्याची क्रिया होते आणि पृष्ठभाग आतून घट्ट होतो. वर पापुद्रा राहत नाही, त्यामुळे खालच्या ओलीला वाट मोकळी राहते. मुरलं नाही तेवढं लगेच पुसून-धुऊन काढायचं, नाहीतर पांढरे डाग पडतात.

६. भेग भरण्याआधी ती जिवंत आहे का ते पाहा.

भेगेवर पेन्सिलीने आडव्या खुणा करा, टोकाशी तारीख लिहा आणि एक ऋतू जाऊ द्या. भेग पुढे सरकली किंवा रुंदावली तर खालची भर खचते आहे, बहुधा ड्रेनेजचा पाइप गळतो आहे. तो आधी दुरुस्त करायचा. स्थिर भेग व्ही आकारात थोडी उघडून, झाडून, भरून घेता येते.

खड्डा बुजवताना त्याच्या कडा कटरने सरळ, उभ्या कापून घ्या. शून्यावर येणारी पातळ कड टिकत नाही, पहिल्या हातगाडीच्या चाकाखाली तुटते.

७. नवा थर टाकायचाच असेल तर जाडी, पाणी आणि सिमेंट यांवर नजर ठेवा.

जुन्या सिमेंटवर नवं सिमेंट आपोआप चिकटत नाही. छिन्नी-हातोड्याने जुना पृष्ठभाग खडबडीत करायचा, धूळ काढायची, आदल्या रात्रीपासून पाणी पाजायचं. थर टाकताना कोबा आतून ओला पण वर पाणी साचलेलं नाही अशा अवस्थेत हवा. मग लॅटेक्स घातलेली सिमेंटची रबडी ब्रशने चोपडायची आणि ती ओली असतानाच वर माल टाकायचा. रबडी सुकली की ती चिकटवत नाही, उलट वेगळं करते. त्यामुळे जेवढं अर्ध्या तासात झाकता येईल तेवढंच चोपडायला सांगा.

साधा सिमेंटचा कोबा दीड इंच तरी हवा. अर्ध्या इंचाचा साधा थर सुटणारच. तेवढीच जागा असेल तर पॉलिमरचा तयार माल वापरा, महाग पडला तरी. शंभर चौरस फुटांना ४० मिलिमीटर जाडी धरली आणि एकास दोनास चार प्रमाण घेतलं तर सिमेंट साधारण अडीच पोती लागतं, घोटाईचं वेगळं. दुकानदाराशी बोलायला हा आकडा उपयोगी पडतो. पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं ते वाचून घ्या. आपल्या दमट हवेत तीन महिने पडून राहिलेलं सिमेंट बरीच ताकद गमावतं.

पाणी हा इथला खरा वैरी. ५० किलोच्या पोत्याला बावीस ते पंचवीस लिटर पुरतं. माल पातळ असला की पसरायला सोपा जातो म्हणून बिगारी घमेलंभर जास्त ओततो. जास्तीचं पाणी वर येतं, सोबत सिमेंटची साय आणतं, आणि तीच साय दोन वर्षांत धूळ होऊन उडते. वर आलेलं पाणी शोषायला कोरडं सिमेंट भुरभुरवण्याची सवय तर सगळीकडे आहे. ते होऊ देऊ नका. वरचं पाणी आपोआप उडेपर्यंत थांबायचं, मग लाकडी रंधा, मग थापी. वाडीतल्या विहिरीचं पाणी खारट असेल तर ते मालात नको, नळाचंच वापरा.

सलग मोठा तुकडा ओतू नका. दोन मीटरच्या आतले चौकोन करा आणि मध्ये काचेच्या पट्ट्या घाला. काही मिस्त्री ओल्या कोब्यावर सुतळी दाबून चौकोन आखतात. ते दिसायला छान, पण ती नुसती रेघ असते, सांधा नसतो. कोबा आकसला की तडा त्याला हवा तिथे जातो. आणि जुन्या कोब्यात जिथे सांधा होता त्याच्या बरोबर वर नव्या थरातही सांधा द्या.

८. उघड्यावरचा कोबा आरशासारखा नको.

थापीने घोटून घोटून चकचकीत केलेला कोबा बघायला सुंदर, घरात छान, पण चौकात जून ते सप्टेंबर तो धोक्याचा. मुंबईच्या वर्षभरातल्या दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसातला बहुतेक याच चार महिन्यांत पडतो. घोटाई अर्ध्यावर थांबवून वरून मऊ झाडू एकाच दिशेने ओढून घ्यावा, उताराच्या आडवा. त्या बारीक रेघांवर पाय धरतो. जिन्याच्या पायथ्याशी आणि नळासमोर दाणेदार रोलर फिरवून घ्यावा.

लाल कोब्याची हौस मला समजते. कोकणातल्या आजोळच्या लाल ओट्यांची आठवण मलाही आहे. लाल ऑक्साइड म्हणजे लोहाचं ऑक्साइड, उन्हाने विटत नाही, सिमेंटशी त्याचं जमतं. सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास पुरे, दहाच्या वर कधी नको, थर कमकुवत होतो. सगळा रंग एकदमच कोरड्या सिमेंटमध्ये मिसळून ठेवा, म्हणजे एका चौकोनाची छटा दुसऱ्यापेक्षा वेगळी पडत नाही. मात्र उघड्या जागी त्यावर मेण किंवा खोबरेल तेल चोळू नका. ते घरातल्या लाल जमिनीला.

९. पाणी मारण्यात कसूर म्हणजे सगळं वाया.

कोबा सुकून घट्ट होतो असा समज फार खोल आहे. सिमेंट सुकून नव्हे, पाण्याशी क्रिया होऊन घट्ट होतं, आणि ती क्रिया चालू राहायला पाणी हवं. निदान सात दिवस, आणि हल्ली मिळणारं राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर दहा दिवस. चाळीत नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येतं, दिवसातून चार वेळा पाइप धरून उभं राहणं जमत नाही. यावर उपाय जुनाच: कोब्यावर गोणपाट पसरा, नळाच्या वेळी भिजवा, वरून प्लास्टिक अंथरा आणि कडेला विटा ठेवा. एकदा भिजवलेलं बराच वेळ टिकतं. आमच्या वाडीत प्रत्येक खोलीला एकेक वेळ वाटून दिली होती. शाळेतली मुलं ते काम सर्वांत नेमाने करत.

हंगाम दिवाळीनंतरचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या उन्हात वरचा थर तासाभरात आवळतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. पावसाळ्यात तर काम काढूच नये.

१०. चौक सगळ्यांचा आहे, म्हणून त्याचे सण आधी विचारात घ्या.

१८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून गिरगावच्या चाळींचे चौक उत्सवाचे आहेत. दरवर्षी मांडवाचे वासे रोवायला पहारीने कोबा फोडायचा आणि नंतर मूठभर सिमेंटने बुजवायचा, हे चालू राहिलं तर कुठलाच कोबा टिकणार नाही. नवा कोबा टाकताना गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांना बोलावून वाशांच्या जागा आखून घ्या आणि तिथे पाइपचे तुकडे उभे पुरून ठेवा, तोंडाला झाकण. पुढे एकही भोक पाडावं लागत नाही. आमच्याकडे ही सूचना मंडळातल्या एका तरुणाचीच.

होळी थेट कोब्यावर पेटवू नये. काँक्रीटमधल्या ओलीची वाफ होते आणि वरचे कपचे टचटच उडतात. खाली विटांचा थर आणि त्यावर जाड वाळू पसरून मग होळी रचावी.

खर्चाचं बोलायचं तर सामाईक चौकाचं काम एकट्याने करू नये, परवडत असलं तरी. वर्गणी थोडी का होईना प्रत्येकाची हवी, म्हणजे पाणी मारायला आणि दुचाकी आठवडाभर बाहेर लावायला सगळे तयार होतात. तळमजल्यावरच्या भाडेकरूला आणि वरच्या मजल्यावरच्याला एकच वर्गणी असावी का, यावर आमच्याकडे वाद झाला. मला वाटतं असावी. पाय सर्वांचेच त्यावरून जातात.

११. पुनर्विकासाची वाट पाहत थांबू नका.

"बिल्डिंग जाणारच आहे, आता कशाला खर्च?" हे वाक्य मी प्रत्येक वाडीत ऐकलं आहे. करार होतात, बैठका होतात, विकासक बदलतात, वर्षं जातात. तेवढ्या वर्षांत त्याच फुटक्या कोब्यावरून आपले आई-वडील पहाटे दूध आणायला उतरतात. खुब्याचं हाड मोडलं की त्या वयात माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालेल याची खात्री नसते. मी ज्यांच्यासाठी हे सगळं शिकले त्या माझ्या आईच्या वयाच्या बायका आजही परळच्या त्याच चौकातून बाजाराला जातात.

सगळा चौक करायला पैसे जमत नसतील तर सगळा करू नका. येत्या दिवाळीनंतर जिन्याचा पायथा, नळासमोरची जागा आणि मोरीचं तोंड एवढंच करून घ्या. उतार नीट द्या, झाडूच्या रेघा ओढून घ्या, दहा दिवस गोणपाट ओलं ठेवा. त्याला दोन पोती सिमेंट आणि दोन दिवसांची मजुरी पुरते.